मऊ ब्रेक

बुधवारी चष्मेवाल्यांचं परीक्षण छापून आलं आणि गुरुवारपासून काकूच्या मांड्या दुखायला लागल्या.

त्याआधी पंधरा दिवस तिच्या मांड्यांना काहीही झालं नव्हतं. नवी सेडान शोरूममध्ये आल्यापासून डेमोची पांढरी गाडी घरच्यासारखीच वापरात होती. तिच्या मागच्या सीटवर बसून काकू डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आली होती, जाताना एक आणि येताना एक अशा दोन डुलक्या काढून आली होती, आणि घरच्या कोचापेक्षा ही सीट बरी, असं तिने शेजारीपाजारी सांगितलंही होतं. पण सगळ्यात जास्त खपाच्या दैनिकात, मोटारींवर लिहिणाऱ्या चष्मेवाल्यांच्या गडद चष्मा लावून हाताची घडी घातलेल्या फोटोखाली एक वाक्य आलं, ‘मागच्या सीटवर मांड्यांना पुरेसा आधार मिळत नाही’, आणि काकू मलम शोधायला लागली.

दादाचं दुखणं वेगळं होतं. पंधरा दिवसांपूर्वी एका मोटार मासिकाने याच गाडीला ‘परदेशी गाड्यांच्या डोळ्याला डोळा भिडवणारी देशी सेडान’ म्हटलं होतं. दादाने ते पान मोठं करून, प्लास्टिकमध्ये घालून शोरूमच्या काचेवर चिकटवलं होतं आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ‘डोळ्याला डोळा’ ऐकवत होता. बुधवारी दुपारी त्याने ते पान उतरवलं. चिकटपट्टीचे चार डाग काचेवर राहिले, ते त्याने स्वतः नखाने खरवडले. संध्याकाळी तो धाकटीला म्हणाला, “मला पहिल्यापासूनच वाटत होतं. स्टिअरिंगमध्ये जीव नाही.”

“हे चष्मेवाल्यांचं वाक्य आहे,” धाकटी म्हणाली.

“त्यांनी लिहिलं. वाटत मलाही होतं.”

धाकटी म्हणजे दादाची बहीण. बेचाळीस वर्षांची झाली तरी घरात आणि कामावर सगळे तिला धाकटीच म्हणत. वडिलांनी गॅरेज काढलं तेव्हा दोन खड्डे आणि एक जॅक एवढाच संसार होता. ते गेल्यावर दादाने पुढच्या बाजूला काचा लावल्या, देशातच बनणाऱ्या गाड्यांची एजन्सी आणली, आणि मागचं वर्कशॉप धाकटीकडे राहिलं. पुढे बोलणं आणि मागे काम अशी ती वाटणी. कंपनीची माणसं आली की दादा बोलायचा. वर्कशॉपबद्दल प्रश्न आला तरी दादाच बोलायचा, आणि धाकटी बाजूला हात पुसत उभी राहायची. यावरून एकदा दोघांनी अख्खं वर्ष अबोला धरला होता. तो काकूने, म्हणजे दोघांच्या चुलतीने, मध्ये पडून मिटवला. म्हणजे, दोघांना एकमेकांविरुद्ध एकेक खोटी गोष्ट सांगितली आणि दोघं मिळून काकूवर चिडले.

या सगळ्यांत ती गाडी नीट पारखून चालवली होती फक्त धाकटीने. अकराशे किलोमीटर. आणि तिला जे सापडलं होतं ते ना मासिकाने लिहिलं होतं ना चष्मेवाल्यांनी. स्टिअरिंग उत्तम होतं. सीटही चांगली होती. पण गाडीत पाच माणसं बसवून तलावाच्या टेकडीवरून खाली उतरलं की चौथ्या वळणानंतर ब्रेकचं पेडल खाली जायला लागायचं. पुढच्या चाकांचे ब्रेक तापायचे, त्यातलं ऑइल उकळायचं, आणि पायाखाली ओला स्पंज ठेवल्यासारखं व्हायचं. वर्कशॉपमधल्या चौघांना घेऊन तिने हे तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा तेच.

तिने कंपनीला दोन पत्रं लिहिली. उत्तर एकच आलं, ते शनिवारी. ‘आजवर प्रसिद्ध झालेल्या एकाही परीक्षणात अशा दोषाचा उल्लेख आढळत नाही. सबब सदर अनुभव चालकाच्या सवयीशी संबंधित असावा.’

रविवारी दुपारी सगळे दादाच्या घरी जमले, शोरूमच्या वरच्याच मजल्यावर. वहिनी गेल्यापासून रविवारचा स्वयंपाक काकू करायची. दादाची लेक आणि जावई यायचे. लेक दातांची डॉक्टर. जावई दुसऱ्या एका दैनिकात दर गुरुवारी मोटारींवर लिहायचा. लग्न ठरलं तेव्हा दादाला त्याची नोकरी पसंत नव्हती. ‘दुसऱ्यांच्या गाड्यांवर पोट भरणारा’ असं तो म्हणाला होता. आज मात्र दादाने त्याला आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवून घेतलं आणि काकूला दोनदा बजावलं, “जावयांना वाढ.”

जेवणं होत आली तेव्हा दादाने विषय काढला.

“चष्मेवाल्यांनी वाट लावली हो आपली. बारा बुकिंगं होती, तीन गेली. राहिलेल्या नऊ जणांना येत्या शुक्रवारपासून गाड्या द्यायच्यात. तुमचं कधी येतंय?”

“या गुरुवारी,” जावई म्हणाला. “जवळपास लिहून झालंय.”

“वाचा की मग. घरचीच माणसं आहेत.”

जावयाने खिशातून घडी केलेले कागद काढले. त्याला वाचून दाखवायला आवडायचं. घसा साफ करून त्याने सुरुवात केली. गाडीला आत्मा असतो, तो वळणावर कळतो. चाकांखालचा रस्ता तळहाताशी बोलतो. चष्मेवाल्यांपेक्षा हे गोड होतं. तळहाताशी रस्ता बोलतो म्हटल्यावर दादाचा चेहरा खुलला आणि त्याने मान डोलावली. काकू म्हणाली, “खरंच आहे. मलाही जाणवलं होतं ते.”

“काकू, तू कधी स्टिअरिंगला हात लावलास?” लेकीने विचारलं.

“मागे बसलं तरी जाणवतं,” काकू म्हणाली.

धाकटीने ताटातून मान वर केली. “कितपत चालवलीत हो गाडी?”

“अं, चाळीसेक मिनिटं,” जावई म्हणाला. “कंपनीने तळ्याकाठच्या हॉटेलात ठेवलं होतं आम्हा सगळ्यांना. तिथून विमानतळाच्या नव्या रस्त्याने.”

“तो तर सपाट आहे. गाडीत कोण कोण होतं?”

“मी, आणि कंपनीचा एक माणूस. तो माहिती सांगत होता.”

“आणि ते रस्ता बोलतो वगैरे?”

जावई कागदांची घडी घालू लागला. त्याच्याऐवजी लेकीने उत्तर दिलं. “कंपनीच्या फोल्डरमध्ये होतं ते. मी पाहिलंय. पान तीन.” ती नवऱ्याकडे वळली. “मी तोंड न उघडता कुणाचे दात तपासले तर लोक मला काय म्हणतील?”

“सगळेच असंच लिहितात,” जावई म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. “चष्मेवाले तर गाडीतून उतरले पण नाहीत… म्हणजे, गाडीत बसलेच नाहीत. त्यांचा ड्रायव्हर चक्कर मारून आला.”

“आणि मांड्या?” काकूने विचारलं.

“ड्रायव्हर उंच आहे त्यांचा.”

काकूने हळूच टेबलाखाली आपली मांडी चाचपून पाहिली.

मग धाकटीने कंपनीचं पत्र टेबलावर ठेवलं आणि ब्रेकचं सगळं सांगितलं. आवाज न चढवता, वळण कितवं, माणसं किती, पेडल किती गेलं, सगळं. दादाने हे आधी ऐकलं होतं आणि कानाआड केलं होतं. आता चारचौघांत ऐकावं लागलं म्हणून तो चिडला.

“बघा, ही अशी. आधीच दुष्काळ, त्यात हिचा तेरावा महिना. अगं, देशातली एवढी मोठमोठी माणसं लिहितात, एकालाही दिसलं नाही आणि तुला दिसलं?”

“त्यांनी पाचजण बसवले नाहीत म्हणून दिसलं नाही.”

“तुझा पाय जड आहे.”

“काकूच्या मांड्या पेपर वाचून दुखतात ते तुला पटतं,” धाकटी म्हणाली, “आणि मी तीनदा टेकडी उतरून आले ते पटत नाही.”

“मला मध्ये घेऊ नका,” काकू म्हणाली. तिला मध्ये घेतलेलं आवडायचं.

दादाने खुर्ची मागे सरकवली. “चला मग. हातच्या काकणाला आरसा कशाला? आत्ता जाऊ. आपण बरोबर पाचजण आहोत. जावईबापू चालवतील, त्यांचा काही पाय जड नाही. काही झालं नाही, तर तू पुन्हा कंपनीला एक ओळ लिहायची नाहीस.”

धाकटी नको म्हणाली. दादाने तिच्याकडे विजयी नजरेने पाहिलं. “घाबरलीस?” त्या एका शब्दावर तिने अटी घातल्या. वरच्या कड्याकडून नाही, खालच्या अर्ध्या उतारावरूनच. चाळीसच्या वर वेग नाही. ती स्वतः पुढे, हँडब्रेकशेजारी बसणार. आणि ती ‘थांबा’ म्हणाली की थांबायचं.

त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदाच दादा आपण विकत असलेल्या गाडीच्या मागच्या सीटवर बसला. मध्ये काकू, पलीकडे लेक. टेकडी चढताना दादा मजेत होता. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये कुरकुर न करता चढते आहे हे त्याने दोनदा दाखवून दिलं. अर्ध्या वाटेवर त्यांनी गाडी वळवली आणि उतरायला लागले.

पहिलं वळण, दुसरं वळण. जावई व्यवस्थित चालवत होता.

“बोलतोय का रस्ता?” लेकीने विचारलं. कुणी हसलं नाही.

तिसऱ्या वळणावर एक हलका जळका वास आला. “बाहेर कुणीतरी काहीतरी जाळतंय,” दादा म्हणाला. धाकटीने हात हँडब्रेकवर ठेवला.

“आता दुसऱ्या गिअरमध्ये घ्या,” ती म्हणाली.

“चांगली चाललीय की,” जावई म्हणाला आणि चौथ्या वळणाआधी त्याने ब्रेक दाबला. पेडल खाली गेलं. गाडीचा वेग कमी झाला, पण हवा तेवढा नाही. वळणातून ती बाहेरच्या कठड्याच्या फार जवळून गेली. त्याने पुन्हा दाबला. पेडल पार तळाला टेकलं.

“आत्या,” तो म्हणाला. बायकोची आत्या म्हणून तो तिला असंच हाक मारायचा, पण आज ते लहान मुलाने मारलेल्या हाकेसारखं आलं.

“ब्रेक भराभर दाबत राहा, सोडून दाबा, सोडून दाबा. क्लच. दुसरा गिअर. हां. आता क्लच सोडा, हळू.” इंजिन ओरडलं आणि गाडीला मागून कुणीतरी धरल्यासारखं झालं. धाकटी हँडब्रेक थोडा थोडा वर घेत होती. “पुढे डाव्या हाताला खडी टाकलेली आहे. तिच्यात घाला. सरळ घाला, वळवू नका.”

रस्त्याच्या कामासाठी टाकलेल्या खडीच्या ढिगात पुढची चाकं घुसली आणि गाडी थांबली. कुणाला खरचटलंही नाही. पुढच्या चाकांतून पातळ धूर येत होता.

“मला खाली उतरायचंय,” काकू म्हणाली.

धाकटीने मागे वळून पाहिलं. दादाचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता. त्याचा उजवा पाय पुढच्या सीटखाली ताठ रोवलेला होता, तिथे ब्रेक असल्यासारखा, आणि त्याखालची चटई चुरगळून गोळा झाली होती. पाय काढून घ्यायचं त्याला सुचत नव्हतं. लेकीने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला तेव्हा कुठे त्याने पाय मागे घेतला.

ब्रेक निवेपर्यंत सगळे रस्त्याकडेला बसून राहिले. मग बाकीचे टॅक्सीने घरी गेले आणि धाकटी एकटीच गाडी हळूहळू उतरवून घेऊन आली.

ती पोचली तेव्हा जावई जेवणाच्या टेबलावर लिहायला बसला होता. तळहात नाही, आत्मा नाही. ‘पाच प्रवासी. चौथे वळण. पेडल तळाला.’ मध्येच तो धाकटीला विचारायचा, ऑइल उकळतं म्हणजे नक्की काय होतं, आणि ती सांगायची तसं लिहायचा. लेक त्याच्यामागे उभी राहून वाचत होती आणि लग्नाला दोन वर्षं झाल्यावर पहिल्यांदाच नवऱ्याच्या लिखाणात तिने काही दुरुस्त केलं नाही.

दादा खिडकीपाशी उभा होता. त्याला रंग परत आला होता, आणि रंगाबरोबर व्यवहारही.

“हे पुढच्या महिन्यात छापलं तर?” तो म्हणाला. “तोवर गाड्या तरी देऊन होतील.”

“आणि त्या गाड्यांत बसणारी माणसं?” लेकीने विचारलं.

“सगळे काही टेकडी उतरायला जात नाहीत.”

“दादा, गाडी द्यायच्या आधी तपासणीच्या कागदावर माझी सही लागते,” धाकटी म्हणाली. “मी करणार नाही.”

“मग मी दुसऱ्या कुणाची घेईन.”

हे तो बोलून गेला, आणि ते फिरवून घ्यायला त्याला जमलं नाही. काकू इतका वेळ पाण्याचा पेला हातात धरून बसली होती. प्रत्येक भांडणात कोणती बाजू जड आहे ते बघून मगच ती बोलायची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आज बघितल्याशिवायच बोलली.

“तुझा बाप असता तर त्याने तुला खड्ड्यात उतरवून चाकं उघडायला लावली असती,” ती म्हणाली. “सही घेतोय दुसऱ्याची. मी मध्ये बसले होते, मला धरायलासुद्धा काही नव्हतं.”

दादा खाली शोरूममध्ये निघून गेला.

गुरुवारी परीक्षण आलं. मथळा होता, ‘आरामाची नवी व्याख्या’. आत्मा परत आला होता, तळहाताशी रस्ता पुन्हा बोलायला लागला होता, आणि जावयाने लिहिलेल्या पाचही परिच्छेदांच्या जागी संपादकांनी स्वतःच्या हाताने एक वाक्य घातलं होतं. ‘ब्रेक काहीसे मऊ वाटतात.’ पानाचा खालचा अर्धा भाग कंपनीच्या जाहिरातीने भरला होता. जावयाने संपादकांना जाब विचारला. जाब ऐकून घेऊन संपादकांनी त्याला दुसऱ्या दिवसापासून घरगुती उपकरणांच्या पानावर टाकलं. त्याने लेकीला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “बरं झालं. धुलाई यंत्र आपल्याकडे आहे. आधी दहा वेळा कपडे धू, मग लिही.” तो धुणार होता, हे मात्र त्याच्या आवाजावरून तिला कळलं.

शुक्रवारी सकाळी दहा वाजता पहिल्या गाडीचे मालक आले. एका शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. कोट घालून आले होते, आणि हातात परीक्षणाचं कात्रण होतं, लाल पेनाने खुणा केलेलं. धाकटी वर्कशॉपच्या दारात उभी होती. टेबलावर तपासणीचा कागद पडला होता. सहीची जागा कोरी होती. दादाने दुसऱ्या कुणाला अजून बोलावलं नव्हतं, पण किल्ली त्याच्या हातात होती.

“खरं सांगू?” मुख्याध्यापक खुर्चीवर बसत म्हणाले. “चष्मेवाल्यांचं वाचून मी बुकिंग रद्द करायला निघालो होतो. पण कालचं वाचलं आणि निर्णय पक्का झाला. आमच्या सौभाग्यवतींना झटके सोसत नाहीत, पाठीचं ऑपरेशन झालंय. मऊ ब्रेकची गाडी त्यांना हवीच होती. हा मऊपणा सगळ्याच मॉडेलांत येतो, का वरच्याच?”

दादाने तोंड उघडलं. तीस वर्षांची सवय होती. अशा प्रश्नाला काय उत्तर द्यायचं ते त्याच्या जिभेवर आपोआप यायचं, आणि आलेलं धाकटीला दिसलंही. सगळ्याच मॉडेलांत येतो, साहेब. एवढंच म्हणायचं होतं.

“कुठे जाणार गाडी घेऊन?” त्याने विचारलं.

“मुलीकडे. टेकडीपलीकडे राहते. येताना आम्ही दोघं, मुलगी आणि दोन्ही नातवंडं.”

दादाने किल्ली खिशात घातली.

“ब्रेक मऊ नाहीत, सर,” तो म्हणाला. “उतारावर ते लागतच नाहीत. पाच माणसं बसली तर चौथ्या वळणाला पेडल तळाला जातं.”

मुख्याध्यापकांनी कात्रणाकडे पाहिलं, मग दादाकडे. शिकवताना पुस्तकात नसलेलं उत्तर मुलाने दिलं की बघायचे तसं. “पण इथे तर तसं काहीच म्हटलेलं नाही.”

“नाही म्हटलेलं.”

“तुम्ही म्हणता, ते कशावरून?”

“मी बसलो होतो त्या गाडीत,” दादा म्हणाला.

मुख्याध्यापक फार नाराज झाले. गाडी मिळत नाही यापेक्षा छापलेलं खोटं ठरलं याचं त्यांना जास्त वाईट वाटलेलं दिसलं. दुसऱ्या एजन्सीकडे चौकशी करतो म्हणून ते उठले आणि कात्रणाची नीट घडी घालून बाहेर पडले. दादाने त्यांना थांबवलं नाही. तो टेबलाशी बसला आणि राहिलेल्या आठही जणांना एकामागून एक फोन लावले. तेच सांगितलं, त्याच शब्दांत. दोघांनी आभार मानले. चौघांनी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. एकाने विचारलं की, चष्मेवाल्यांनी ब्रेकबद्दल काही लिहिलंय का. एकाने फोनच उचलला नाही, तर दादाने त्याच्या दुकानावर माणूस पाठवला.

बारा वाजता कंपनीच्या विभागीय साहेबांचा फोन आला. बातमी पोचली होती. साहेब इतक्या मोठ्याने बोलत होते की वर्कशॉपच्या दारापर्यंत ऐकू येत होतं. एवढी परीक्षणं आली, एकातही उल्लेख नाही, तुमच्याकडे कुणी मोठा इंजिनिअर लागून गेलाय का.

“लागून गेलाय,” दादा म्हणाला. “माझी बहीण आहे. तुम्हाला दोन पत्रं लिहिली होती तिने.” मग त्याने फोन कानापासून दूर धरला आणि दाराकडे पाहिलं. “इकडे ये गं. तू बोल. मला त्यातलं काही कळत नाही.”

धाकटीचे हात वंगणाने भरले होते. तिने ते पुसायला फडकं उचललं.

“राहू दे,” दादा खुर्चीवरून उठत म्हणाला. “बस आधी. अकराशे किलोमीटर आहेत, वेळ लागेल.”